तो कावळा तुझा नव्हता

वैनी, तुझ्या दहाव्याला जो कावळा आला तो तुझा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं डोकं जरा थंड होईल आणि पुढचं नीट लिहिता येईल. घरात सांगून बघितलं. आमचे हे म्हणाले, "झालं ना आता कुसुम, कशाला परत परत तेच काढतेस?" तुझा लेक नितेश तर उठून बाहेरच गेला. मग म्हटलं, जिच्याशी भांडायचं तिच्याशीच भांडू. सख्ख्या जावा आपण, भांडायचा हक्क आहे.

काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. तळ्याकाठी पिंड मांडला. भाकरी, वालाचं बिरडं आणि कपभर चहा. चहा मीच न्यायला लावला. भटजी म्हणाले, चहाची पद्धत नाही. मी म्हटलं, तिची पद्धत होती. सगळे लांब जाऊन उभे राहिले. वरच्या चिंचेवर पाच-सहा कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन चढायला लागलं. मग बोलणी सुरू झाली. नितेश बायकोकडे बघत हात जोडून म्हणाला, "आई, प्रणालीला घालूनपाडून बोलनार नाय, घरात शांती ठेवीन." कावळा ढिम्म. कुणी म्हणालं, "नातवाचं लगीन थाटात करू गो." नातू बालवाडीत आहे तुझा! कावळ्यालाही ते पटलं नसणार.

मग तुझा माहेरचा, आपट्याचा भाऊ पुढे झाला. डोळे पुसले, घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "आक्का, तुझी धाकली आता त्या दरीत पाय ठेवनार नाय. मी शब्द देतो."

आणि झपकन एक कावळा उतरला. भाकरीचा तुकडा उचलून गेलासुद्धा.

सगळ्यांचे हात जोडलेले. माझ्या मागून कुणी म्हातारी म्हणाली, "बघ गो, यातच अडकलेला जीव तिचा." सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. शब्द माझा, दिला नितेशच्या मामांनी, घेतला कावळ्याने. मला कुणी विचारलं का, की बाई गं, तू जाणार आहेस का नाहीस?

आता ती दरी का म्हणून बदनाम झाली, तेही ऐक. तू पडलीस कुठे? बाथरूममध्ये. नितेशने गेल्या गणपतीला हौसेने बसवलेल्या त्या चकचकीत लाद्यांवर. साबणाचं पाणी, ओला पाय, आणि खुबा मोडला. दरीतल्या शेवाळलेल्या कातळावर तू जन्मात घसरली नाहीस. मी दोनदा घसरले, तू एकदाही नाही. पण लादीला कुणी बोल लावला नाही. "एवढं चढउतार करून गुडघे झिजवले, म्हणून पाय राहिला नाही," असं पहिल्यांदा कुणीतरी इस्पितळाच्या व्हरांड्यात म्हणालं आणि मग ते सगळ्यांच्याच तोंडी बसलं. पुढे तुझ्या छातीत कफ भरला, तू गेलीस, आणि दरीने आईला खाल्लं असं नितेश म्हणायला लागला. मी त्याच्यावर रागावत नाही. त्याची आई गेलीय. पण म्हणून मी मान खाली घालून "चुकलं माझं, मी तिला नेत होते," असं म्हणणार नाही. मी तुला नेत नव्हते. तूच मला नेत होतीस. हे पोराला माहीत नाही, तुला माहीत आहे.

मी सुकापूरची, तू आपट्याची, दोघी बेलपाड्यात दिलेल्या. तू माझ्या आधी पाच-सहा वर्षं आलेली. माझं लग्न झालं तेव्हा तू मोठी म्हणून माझी ओटी भरायला पुढे आलीस आणि कानात म्हणालीस, "सासूला भिऊ नको, मी हाय." मला तुझ्या हातांचीच भीती वाटली. एवढे धट्टेकट्टे हात मी बाईचे बघितले नव्हते. पुढे त्याच हातांनी तू किती वेळा माझ्या वाटच्या हंडे-घागरी उचलल्यास, त्याचा हिशेब मी ठेवला नाही आणि तूही नाही.

माझी पहिली मुलगी पाचवी पुजायच्या आतच गेली. घरात कुणी मोठ्याने रडायचं नाही, सासरे ओसरीवर बसलेले असायचे. सासूबाई म्हणाल्या, "तरणीताठी हायस, दुसरं व्हईल." मी भांडी घासायची, भात शिजवायची, आणि डोळ्यांतून पाणी येईना. एक दिवस पहाटे तू उंबऱ्यात उभी राहिलीस. खांद्यावर दोरी, हातात कोयता. म्हणालीस, "चल गो धाकले, लाकडं आनू." सासूबाईंनी कूस बदलली. लाकडांना कोण नाही म्हणणार?

तिथे मी पहिल्यांदा गेले. तिला काय नाव आहे मला अजून माहीत नाही. आपण नुसतं 'वर' म्हणायचो. गावामागे डोंगर, डोंगराच्या पोटात ती काळ्या दगडाची दरी, मधून ओहोळ. पावसाळ्यात तिच्या वाटेला जायचं नाही. दसरा झाला, पाणी उतरलं, की घासून गुळगुळीत झालेले कातळ उघडे पडायचे. त्या दिवशी आत शिरेपर्यंत नुकतं उजाडत होतं. ओहोळाच्या कडेचा तो चपटा दगड, त्यावर तू मला बसवलंस. कोयता बाजूला ठेवलास. म्हणालीस, "आता रड. हितं कोन नाय ऐकाला."

वैनी, मी किती रडले गं. मी गुरासारखी ओरडले. दोन्ही बाजूंचे कडे माझा आवाज परत पाठवत होते आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होतीस. समोरच्या कड्याच्या टोकावर उन्हाची पिवळी पट्टी आली. ती खाली सरकत सरकत आली, करवंदीच्या जाळीवरून, पांढऱ्या पडलेल्या मुळांवरून, आणि शेवटी आपल्या पायांवर पोचली. तेव्हा तू म्हणालीस, "पायावर ऊन आला. चल, चुलीवर भात नाय ठेवला अजून." तोच पुढे आपला नियम झाला. पायांवर ऊन येईपर्यंत बसायचं, आलं की उठायचं.

त्यानंतर आपण किती गेलो! तिथे तू वेगळीच असायचीस. घरात तू मोठी सून, पदर डोक्यावर, भावोजींसमोर शब्द नाही. वर गेलीस की पदर कमरेला खोचून कातळावर उभी राहायचीस आणि बोंबलायचीस, "हसुराम! ए हसुराम! मीठ जास्त पडलं तर हातानं वाढून घे!" नवऱ्याचं नाव घेतलेलं मी तोवर फक्त उखाण्यात ऐकलं होतं. मी तर घाबरून इकडेतिकडे बघायला लागले. दगडांनी "हसुराम, हसुराम" केलं आणि तू पोट धरून हसलीस. मग मलाही चढवलंस. "घे गो, तुझ्या दादल्याचं पन घे. खात नाय तो." मी पहिल्यांदा इतक्या हळू म्हटलं, "जनार्दन," की तू म्हणालीस, "शेजारच्याला पन ऐकू नाय जायाचं." पुढे मीही शिकले. आमच्या ह्यांना अजून ठाऊक नाही की त्यांच्या नावाने किती शंख झाला आहे तिथे.

असंच एकदा तू सांगितलंस की सुनंदा हे तुझं नाव नाही. म्हणजे आहे, पण ते लग्नात तांदळात लिहिलेलं. आपट्याला नदीवर खेळणारी, पाताळगंगेत बुडी मारून तळाची वाळू मुठीत आणून दाखवणारी जी पोर होती, तिचं नाव वेणू. "आई मेली, तवापासून त्या नावानं कोन हाक नाय मारली," म्हणालीस. भाऊ आक्का म्हणायचा, नवरा "अगं" म्हणायचा, मी वैनी. मी म्हटलं, मी मारू का हाक? तू एकदम लाजलीस. "नको गो. तू धाकली. बरा नाय दिसत." मी तेव्हा ऐकलं. मोठ्या जावेला नावाने हाक मारायची नसते, हे माझ्याही हाडात भिनलेलं होतं.

पुढे जमिनी गेल्या, सेक्टर आले, चुली गेल्या, गॅस आला. आपल्या घराची माडी होऊन बिल्डिंग झाली. तू वरच्या मजल्यावर, मी खाली. लाकडांची गरज कुणाला राहिली नाही. पण तू पहाटे दोरी घेऊन जिन्यावरून उतरायचीसच. येताना दोघी एकेक मोळी आणायचो. मोळी कसली, चार काटक्या! गावाच्या तोंडाशी कुणी विचारलं, "काय आनायला गेल्त्या गो?" की तू खांद्यावरच्या काटक्या दाखवायचीस. पाणी तापवायला, पापड भाजायला, होळीला. काय वाट्टेल ते सांगायचीस. घरात गिझर बसला तरी तुझं पाणी तापवायचं सरत नव्हतं. बिल्डिंगच्या मागे काटक्यांचा एवढा ढीग झाला की नितेश गाडी लावायला जागा नाही म्हणून ओरडायचा.

मला याचा राग यायचा. खूप यायचा. कॉम्प्लेक्समधल्या बायका बूट घालून, कानात वायरी घालून त्याच दरीत येतात, फोटो काढतात, तासभर कातळावर पाय सोडून बसतात. त्यांना कुणी विचारत नाही काय आणायला गेला होतात. त्यांचं ते फिरणं, आणि आपण गेलो तर रिकामटेकड्या! मी म्हणायचे, "वैनी, एक दिवस रिकाम्या हाताने येऊ. बघू कोण काय म्हणतंय." तू म्हणायचीस, "गावाचं तोंड दोन काटक्यांत गप ऱ्हातंय, मंग कशाला त्याला कामाला लावायचं?" मी म्हणायचे, तू एवढी वाघीण, त्या दगडांवर उभी राहून नवऱ्याचं नाव घेतेस, आणि खाली आलीस की काटक्यांमागे लपतेस. एकदा तर आपण यावरून इतक्या भांडलो की उतरताना तू पुढे आणि मी मागे. घराशी आल्यावर तू तुझ्या काटक्यांतल्या अर्ध्या माझ्या हातात कोंबल्यास, कारण मी मुद्दाम रिकामी आले होते. मी त्या तिथेच टाकल्या. तू त्या गपचूप उचलून ढिगावर ठेवल्यास.

दुसरं भांडण संध्याकाळचं. संध्याकाळी तू गच्चीवर कपडे काढायला जायचीस आणि तिथूनच डोंगराकडे बघत उभी राहायचीस. म्हणायचीस, "त्या खडकाचं तांबं होतं बघ. दरीचं तोंड मावळतीला हाय. सकाळचा सूर्य मागनं येतो, चोरासारखा. सांच्याला तो समोरून येत आसंल." मी म्हणायचे, "ऊन ते ऊन. सकाळी काय कमी दिसतं?" तू म्हणायचीस, "यकदा जाऊ." आणि मीच म्हणायचे, दिवेलागणीला दोघी बायका घराबाहेर, कोण लावणार दिवा? म्हणजे काटक्यांच्या वेळी मी शूर आणि संध्याकाळच्या वेळी तू. आपलं काही एका वेळी जमलंच नाही.

इस्पितळात शेवटी शेवटी तुला बोलायला धाप लागायची. पनवेलच्या बाजारातून मी तुला शहाळं आणलं होतं. तू दोन घोट घेतलेस आणि नळी बाजूला केलीस. म्हणालीस, "धाकले, बरी झाली का सांच्याला जाऊ." मी म्हटलं, "जाऊ. दिवा प्रणाली लावेल." तू हसलीस. "आता कशी कबूल झालीस." नितेश आत आला म्हणून तू गप्प झालीस. त्याच्यापुढे दरीचं नाव काढायचं नाही, असं आपलं न बोलताच ठरलं होतं.

मग मला सांग, जी बाई खाटेवर पडून संध्याकाळी जायची गोष्ट करत होती, तिचा जीव मी जाऊ नये यात अडकेल? तू गेल्यावर तुला सुचलं का, की धाकलीला घरात डांबून ठेवा? मला रडायला तिथे तू नेलंस. ओरडायला तू शिकवलंस. आणि आता आपट्याच्या मामांच्या तोंडून निरोप पाठवतेस? छे! भाकरी बघून उतरला तो मेला. मामा बोलले नसते तरी उतरला असता.

पण खरं सांगते वैनी, मी घाबरले. चार लोकांत तोंड वर करून बोलत होते, ते वरवरचं. तोच कावळा तुझा असला तर? मी गेले आणि तू कुठे मधेच लटकून राहिलीस तर? दरीत जायचे माझे बूट नितेशने माळ्यावर टाकले, आमच्या ह्यांनी मागचं दार आतून लावायला सुरुवात केली, त्याचं मला काही वाटलं नाही. दार मी उघडलं असतं. पण तुझ्या जिवाशी खेळायला माझा हात धजेना. पहाटे जाग यायची, जिन्यावर तुझी पावलं ऐकू यायची नाहीत, आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. माझ्या मुलीच्या वेळेसारखंच. डोळ्यांतून टिपूस नाही.

बिल्डिंगमागे गेले तर तिथली जमीन साफ. विसरलेच होते. तुझ्या चितेला त्याच काटक्या लावल्या. स्मशानात लाकडं ओलसर लागली, पेट घेईनात, तेव्हा गावातली पोरं टेम्पो घेऊन आली आणि सगळा ढीग भरून घेऊन गेली. इतकी वर्षं निमित्त म्हणून आणलेल्या काटक्या भरभर पेटल्या. नितेशला गाडी लावायला जागा झाली. त्या मोकळ्या जागेत मी उभी होते आणि मला हसूही आलं आणि तुझा रागही आला. सगळी निमित्तं बरोबर घेऊन गेलीस, माझ्यासाठी चार काटक्या ठेवायच्या होत्यास.

तिथेच उभी असताना माझ्या डोक्यात आलं. दहाव्याला तुला बोलावलं कुणी? भटजींनी सुनंदा हसुराम म्हटलं. चौकातल्या फ्लेक्सवरही तेच, खाली तुझा तो नाकात नथ घातलेला फोटो, जो तुला मुळीच आवडत नव्हता. नितेशने आई म्हटलं, मामांनी आक्का, बायकांनी हसुरामची बायको. मीही मनातल्या मनात वैनीच म्हणत होते. वेणूला कुणी हाकच मारली नाही. मग वेणूने उत्तर कसं दिलं? ज्याला हाक मारली नाही तो 'ओ' देतो का कधी? म्हटलं, आता मी स्वतः विचारते. पिंडासमोर नाही. तुझ्या जागेवर, तुझ्या नावाने, आणि तुला हवं होतं त्या वेळेला. तू नाही म्हणालीस तर परत पायरी चढणार नाही. पण विचारणार तुलाच.

परवा संध्याकाळी निघाले. बूट माळ्यावर, म्हणून चपलांवरच. जिन्यात प्रणाली भेटली, ऑफिसातून येत होती. माझ्याकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. मी काही सांगितलं नाही. तीच म्हणाली, "काकी, दिवा मी लावते. खालचा पण लावते." वैनी, तुझी ही सून तुला वाटायची तेवढी अबोल नाही गं. बोलायला जागा नव्हती तिला, एवढंच.

वाटेत धाप लागली. मधे बसले. कॉम्प्लेक्सची माणसं उतरत होती, एकाने विचारलं, "मावशी, आता वर? अंधार होईल." मी म्हटलं, "होऊ दे की."

आणि आत शिरले. काय सांगू तुला! तू म्हणायचीस ते काहीच नाही. खाडीवर टेकलेला सूर्य दरीच्या तोंडातून सरळ आत आला होता. सकाळी जे कातळ काळे बघितले ते सगळे तांबडे. नुसतं टोक नाही, तळापर्यंत. डबक्यांतलं पाणी तांबडं, माझे हात तांबडे, आपला चपटा दगड हात लावला तर दिवसभराच्या उन्हाने अजून कोमट. सकाळी तो किती गार लागायचा! इतकी वर्षं आपण त्याच दगडावर बसलो आणि तो कधी गरम होतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. सकाळी ऊन वरून खाली येऊन पायांशी पोचायचं. संध्याकाळी ते उलटं जातं वैनी. आधी पायांवरून उठतं, मग गुडघ्यांवरून, मग करवंदीच्या जाळीवरून वर, कड्याच्या टोकापर्यंत. मी बघत बसले. हे भांडण तू जिंकलीस. घे, कबूल. तोंडावर कबूल करायला मिळालं असतं तर तुझा चेहरा बघायला मजा आली असती.

माझ्या पायांवरून ऊन उठलं आणि मी उभी राहिले. पदर खोचला. धाकली ना मी, बरं दिसत नाही ना! पण घेतलं. सगळ्या ताकदीनिशी घेतलं.

"वेणूऽऽ!"

दोन्ही कड्यांनी ते धरलं आणि आतपर्यंत नेलं. नवऱ्यांची नावं तिथे मस्करीत फिरली होती, हे नाव तसं फिरलं नाही. मला रडू फुटलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी उभ्याउभ्या रडले, मोठ्याने, आणि रडत रडतच विचारलं, "वेणू, मी येत जाऊ का नको? नको असंल तर आताच सांग. उद्यापासून नाय यायची."

थांबले. कड्याच्या टोकावर शेवटची पट्टी होती, तीही बघता बघता गेली. वरून कावळे घराकडे चालले होते, खूप होते, ओरडत होते. एकही खाली उतरला नाही. भाकरीचा तुकडा मी मुद्दामच नेला नव्हता. परत लाचेचा संशय नको. ओहोळ वाहत होता तसा वाहत होता. मी अंधारेपर्यंत बसले, तुला पुरेसा वेळ दिला.

तू नको म्हणाली नाहीस.

उतरताना मोबाइलची बॅटरी लावली. वाटेत दोन वाळक्या काटक्या पायाशी आल्या. चांगल्या होत्या, सरळ, तू उचलल्या असत्यास. सवयीने वाकले, हात घातला, आणि सोडून दिल्या. गावाच्या तोंडाशी लाइटखाली नितेश उभा होता. कुणीतरी सांगितलं असणार. डोळे लाल, ओरडायच्या तयारीत आलेला. पण मला धापा टाकताना बघून त्याचा आवाज बसला आणि त्याच्या तोंडून गावाचा जुनाच प्रश्न आला, "काकी, या टायमाला एकलीच? काय आनायला गेल्तीस?"

मी दोन्ही हात पुढे करून त्याला दाखवले.

"काय नाय रं," म्हटलं. "फिराला गेल्ते."